फिलोमिना वादळाचा पंचनामा

अटलांटिक महासागराशी माझं काही वैर नव्हतं, आजही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण भाऊसाहेबांनी घरबसल्या नको ते वादळ अंगावर ओढून घेतलं असं गल्लीत काही लोक अजून बोलतात. भाऊसाहेब म्हणजे मी. नाव त्र्यंबक, पण शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत ते फक्त गॅसच्या पुस्तकावर आहे. पन्हाळ्याच्या तहसील कचेरीत तेहेतीस वर्षं नोकरी केली आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. तेहेतीस वर्षांत एक मेमो नाही, एक चौकशी नाही, कुणाचा फुकटचा चहा नाही. लोक जमीनजुमला जपतात, मी एवढंच जपलं.

निवृत्त झाल्यावर सवय लगेच जात नाही. मी किराणाच्या यादीवर शेरे मारायला लागलो. 'शेंगदाणे दोन किलो कशासाठी? गेल्या महिन्याच्या शेंगदाण्यांचा खुलासा जोडावा.' माईनं एक यादी सहन केली, दुसरी केली, तिसरीला तिनं पुण्याला अंतराला, म्हणजे आमच्या लेकीला, फोन लावला. (माई म्हणजे आमच्या सौभाग्यवती. सगळी गल्ली तिला माई म्हणते, म्हणून मीही म्हणतो.) "तुझ्या बाबांना काहीतरी काम लाव," ती म्हणाली, "नाहीतर मी तरी तिकडं येते."

अंतरानं मला इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशाची माहिती दिली. तिथं म्हणे कुणीही लेख लिहू शकतं, कुणीही सुधारू शकतं.

"कुणीही?" मी विचारलं.

"कुणीही, बाबा."

"मग शेवटी सही कुणाची?"

"कुणाचीच नाही."

सहीशिवाय कागद हलतो या गोष्टीवर विश्वास बसायला मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सहज एक लेख उघडला तर तो निघाला 'हरिकेन फिलोमिना'. साठएक वर्षांपूर्वी अटलांटिकमधल्या एका छोट्या बेटावर आदळलेलं चक्रीवादळ. लेख पाच ओळींचा, आणि भाषांतर यंत्रानं केलेलं. 'वादळाने आपला डोळा उघडा ठेवला व जमीन केली. त्याने पुष्कळ छपरे घेतली. नंतर बेटाला वाईट वाटले.' माझं डोकंच फिरलं. अहो, असला मसुदा तेहेतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकदाही पुढं गेला नसता. मी चष्मा पुसला आणि फिलोमिनाची फाईल ताब्यात घेतली.

दोन महिने मी दुसरं काही केलं नाही. शब्दकोश मांडीवर घेऊन परदेशी अहवाल वाचले. वाऱ्याचा वेग, हवेचा दाब, लाटांची उंची असे तक्ते केले. माईनं एकदाच चौकशी केली. "वादळाला बाईचं नाव का?"

"पूर्वी तशी पद्धत होती."

"आणि नावं ठेवणारे कोण? बाप्येच ना?"

"हो."

"तरीच," असं म्हणून ती भाजी निवडायला गेली. एवढ्यावर तिचं वादळाविषयीचं कुतूहल संपलं.

गल्लीचं मात्र संपेना. आमच्याकडं दूध घालणाऱ्या शेवंताबाई रोज सकाळी दुधाचं माप हातात धरून नवा प्रश्न घालायच्या. "भाऊसाब, त्या बेटावर पानी आलं तवा जनावरं सोडली का न्हाय वो कुणी दाव्याची?" महापुरात ही बाई छातीएवढ्या पाण्यात शिरून स्वतःच्या चार म्हशी सोडवून आली होती, त्यामुळं प्रश्न उडवून लावायची माझी छाती नव्हती. मी अहवाल चाळले, काही सापडलं नाही, पण 'जनावरांचे हाल' असा आठ ओळींचा विभाग घालून टाकला. शेवंताबाईंना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि मापाबाहेर पावशेर दूध जास्त घातलं. ते मी परत केलं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

दुसरे सल्लागार अण्णासो. यांची कोपऱ्यावर मिरची कांडपाची गिरणी आहे आणि हे आमच्या गल्लीतल्या मंडळाचे तहहयात अध्यक्ष आहेत. निवडणूक कधी झाली ते कुणाला आठवत नाही. ते म्हणाले, "भाऊसाब, मधी आपल्या कोल्हापूरच्या पुराचा बी एक तुकडा टाका की."

"अण्णासो, हे अटलांटिकमध्ये आहे."

"आसंना. पानी ते पानीच की वो."

शेवटी पाच ओळींचा लेख तीस पानांचा झाला. ज्ञानकोशात 'उत्तम लेख' असा एक दर्जा असतो. त्यासाठी लेख परीक्षणाला ठेवायचा, कुणीतरी परीक्षक तो तपासतो, शंका काढतो, मुदत देतो, मग पास किंवा नापास. मी लेख परीक्षणाला ठेवला. येत्या रविवारी दुपारी बारापर्यंत मुदत मिळाली. इथपर्यंत सगळं नियमानं झालं. सोमवारी चटणी कांडायला गिरणीत गेलो आणि तिथं माझी जीभ सैल सुटली. मी अण्णासोंना एवढंच सांगितलं, "माझा लेख परीक्षणाला गेलाय."

मंगळवारी सकाळी गल्लीच्या तोंडावर वीस फुटी फ्लेक्स लागला होता. 'शाहूपुरीचे भूषण, वादळांचे गाढे अभ्यासक मा. भाऊसाहेब यांची जागतिक ज्ञानकोशात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! भव्य नागरी सत्कार. रविवार, सायंकाळी पाच.' माझा फोटो पेन्शनच्या कार्डावरचा, पण त्याला काळा गॉगल चढवलेला. मागं विजा चमकतायत, समुद्र खवळलाय आणि त्या समुद्रातून अण्णासो हात जोडून वर येतायत. त्यांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा होता, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

"अण्णासो," मी म्हणालो, "निवड झालेली नाही. परीक्षण चालू आहे."

"हुईल की! तुमचं हुणार न्हाय तर कुणाचं हुणार?"

"नाही झालं तर?"

"आता फ्लेक्स लागलाय," अण्णासो म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

त्याच संध्याकाळी परीक्षकाचे शेरे आले. एकतीस. शेरा चार: "'जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानुसार तलाठ्यांनी घरोघर पंचनामे केले' असे म्हटले आहे. या बेटावर तलाठी होते यास संदर्भ काय?" शेरा नऊ: "'तालीम मंडळांनी झुणका-भाकरीची पाकिटे वाटली.' मूळ अहवालात स्थानिक क्लबांनी पाव वाटला इतकेच आहे." शेरा सतरा: "म्हशींवर आठ ओळी आहेत. बेटावर म्हशी नाहीत."

आता मला सांगा, वादळ झालं आणि पंचनामे झाले नाहीत, हे कसं शक्य आहे? कुणीतरी वही घेऊन गेलं असणार, 'पूर्णतः पडझड', 'अंशतः पडझड' असं लिहिलं असणार, दोन पंचांच्या सह्या घेतल्या असणार. त्याशिवाय घर पडलं हे कळणार कसं? मी ते वाक्य लिहिताना क्षणभरही थबकलो नव्हतो. मी उभ्या आयुष्यात पंचनाम्याशिवाय संकट पाहिलेलं नाही. पण परीक्षकाचं बरोबर होतं. संदर्भ नव्हता.

परीक्षकाचं नाव बुद्धभूषण. त्यांच्या ओळखीच्या पानावर लिहिलं होतं, 'चंदगड येथे कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो.' हे मी अण्णासोंना दाखवायला नको होतं.

"चंदगड?" अण्णासो उठूनच उभे राहिले. "आवो मग भेटून याय की! मला वाटलं साहेब अमेरिकेत बसलाय."

"असं भेटायचं नसतं त्यात."

"तुमच्या कचेरीत लोकं तुमाला भेटाय येत न्हवती?"

"यायचे."

"तुमी हाकलून देत हुता?"

"नाही. बसवून ऐकून घ्यायचो."

"मग?"

शंका समजून घ्यायला जायचं, पास करा असं चकार शब्दानं म्हणायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं आणि बुधवारी सकाळी आम्ही दोघं चंदगडच्या एसटीत बसलो.

गळिताचा हंगाम चालू होता. प्रत्येक वळणावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, त्यावर मोठ्यानं गाणी, आणि मागं आमची एसटी. अण्णासोंच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. आजऱ्याच्या अलीकडं अर्धी एसटी शिंकायला लागली. कंडक्टरनं बेल मारायच्या आधी चार वेळा शिंकून घेतलं. मी विचारलं, "पिशवीत काय आहे?" अण्णासो म्हणाले, "घरचं जरा." चंदगडला त्यांचे कुणी पाहुणे असतील असं मी समजलो. हाच माझा घात झाला.

बुद्धभूषण सर घराच्या सोप्यात उत्तरपत्रिका तपासत बसले होते. पस्तिशीचे, शांत. अनोळखी दोघं दारात बघून लगेच उठले, खुर्च्या दिल्या, आत पाणी सांगितलं. मी नमस्कार करून सुरुवात कशी करावी याचा विचार करत होतो तेवढ्यात अण्णासोंनी तोंड उघडलं.

"साहेब, आमी फिलोमिनाच्या कामासाठी आलोय."

आत भांडं पडल्याचा आवाज आला. सरांच्या पत्नी, दीप्तीताई, पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या आणि सरांकडं बघत म्हणाल्या, "कोण फिलोमिना?"

ते निस्तरण्यात दहा मिनिटं गेली. वादळ आहे, जुनं आहे, अटलांटिकमध्ये आहे हे मी शपथेवर सांगितलं तेव्हा कुठं चहा आला. चहाबरोबर काजू होते. मी काजूला हात लावला नाही. चहासुद्धा घेतला तो चर्चा सुरू व्हायच्या आधी घेतला.

मग सर हळूच म्हणाले, "काका, मी तुमचा लेख पूर्ण वाचलाय. मेहनत दिसते. पण परीक्षकाला असं घरी येऊन भेटायचं नसतं. आता मी निष्पक्षपणे तपासलं असं कसं म्हणू? मला हे काम सोडावं लागेल. आणि का सोडलं तेही पानावर लिहावं लागेल."

मी म्हणालो, "तुमच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं." हे खरं होतं. अण्णासोंना त्यातलं काही लागलं नाही. ते सरांना रविवारच्या सत्काराचं आमंत्रण देत होते. "तुमी बी या की साहेब. वैनींना घेऊन या. फेटा बांधतो."

गुरुवारी सकाळी ज्ञानकोशाच्या चर्चापानावर, जगातल्या कुणालाही वाचता येईल असा मजकूर होता: 'नामांकनकर्ते व त्यांचे एक सहकारी काल माझ्या घरी येऊन भेटले. ते गेल्यानंतर खुर्चीखाली सुमारे एक किलो कांदा-लसूण चटणी आढळली. ती मी वापरलेली नाही. सबब परीक्षणातून माघार घेत आहे.'

मी तडक गिरणीत गेलो. आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी कधी ओरडलो नव्हतो. "अण्णासो, ही लाच झाली! लाच!"

अण्णासो खरंच बुचकळ्यात पडले. "चटनी? लाच? आवो, परक्याच्या दारात पैल्यांदा जायाचं आन रिकाम्या हातानं जायाचं व्हय? आमच्या आईनं जोड्यानं मारलं असतं मला."

"माझं नाव गेलं, अण्णासो. तेहेतीस वर्षांचं नाव एक किलो चटणीत गेलं. सत्कार रद्द करा."

"मांडव ठरलाय. फेटेवाला ठरलाय. तांबड्या रश्श्याची चूल सांगितलीय," अण्णासो बोटांवर मोजत म्हणाले. "एक डाव ते वादळ माघारी जाईल भाऊसाब, पर सत्कार न्हाय."

तरी त्यांना माझी दया आली असावी, कारण शुक्रवारी ते स्वतः घरी आले आणि साहेब गेले तर गेले, मतं पडली की काम होतं का, असं विचारू लागले. मी म्हणालो, चर्चापानावर इतर सदस्य मत देऊ शकतात, पण ती सूचना म्हणून, मतदान म्हणून नव्हे. यातलं 'मत देऊ शकतात' एवढंच घेऊन अण्णासो गेले. गेल्या गणपतीत आरासीच्या कामासाठी मी मंडळाला आमच्या वायफायचा पासवर्ड दिला होता. तो कधी बदलला नव्हता. आमच्या घराच्या भिंतीला टेकून मंडळाची मंडळी तासभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. मला वाटलं क्रिकेट बघतायत.

शनिवारी सकाळी पान उघडलं. एका तासात बेचाळीस नवी खाती उघडली गेली होती आणि बेचाळीस जणांनी मत नोंदवलं होतं. 'नाद खुळा लेख.' 'जगात भारी वादळ.' 'विषयच नाही.' 'भाऊसाहेब बोले, वादळ हाले.' एकानं तर 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' दिल्या होत्या. आणि त्या सगळ्याच्या वर, लाल चौकटीत, माझ्यासाठी नोटीस होती: 'एकाच ठिकाणाहून त्रेचाळीस खाती चालवून फेरफार केल्याच्या संशयावरून आपणांस अनिश्चित काळासाठी प्रतिबंधित करण्यात आले आहे.'

माईनं माझ्या खांद्यावरून वाचलं. "त्रेचाळीस खाती? यांनी? यांना बँकेतलं एक खातं माझ्याशिवाय चालवता येत नाही." पण मग तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. लेख गेला तर गेला. पण माणसानं आयुष्यभर एक गोष्ट सांभाळावी आणि साठी उलटल्यावर लबाड म्हणून नोंद व्हावी, ती पण कायमची, ही गोष्ट मला सहन होईना.

प्रतिबंधित माणसाला तिथं फक्त अर्ज करता येतो. अर्जात मला कोण हरवणार? मी लिहिलं, 'विषय: माझ्याव्यतिरिक्त अन्य बेचाळीस माणसे अस्तित्वात असल्याबाबत.' सोबत पुरावा हवा, म्हणून पंचनामा करायला निघालो. गल्लीत घरोघर गेलो. अनुक्रमांक, नाव, वय, धंदा, राहणार, सही. बेचाळीसच्या बेचाळीस माणसं गाठली. काही गिरणीत, काही तालमीत, दोघं सलूनमध्ये अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत. तुम्ही अस्तित्वात आहात याची सही द्या, असं सांगितल्यावर एकजण म्हणाला, "बायकूला इचारून सांगतो." पण दिली सगळ्यांनी. पंच म्हणून शेवंताबाईंचा अंगठा आणि माईची सही घेतली. कागद इतका देखणा झाला होता की नोकरीत असतो तर नमुना म्हणून लावला असता. फोटो काढून अर्जाला जोडला.

संध्याकाळी उत्तर आलं. 'सर्व बेचाळीस व्यक्तींची नावे, वये व पत्ते एकाच हस्ताक्षरात आहेत. संशय बळावला आहे.'

अहो, म्हणजे काय! पंचनाम्यातली नावं पंचनामा करणाराच लिहितो! त्यासाठीच त्याचं अक्षर चांगलं असावं लागतं! पण हे सांगणार कुणाला? रागाच्या भरात मी दुसरा अर्ज लिहिला, वाचला आणि फाडून टाकला.

रविवारी बारा वाजले. परीक्षकाविना नामांकन आपोआप बंद झालं. मी माईला म्हणालो, "मी सत्काराला जात नाही."

ती म्हणाली, "नका जाऊ. मग गल्लीला कोण सांगणार? मी?"

गेलो. गुरुवारपासून घास उतरत नव्हता, त्यामुळं फेटा बांधताना दोनदा झोक गेला. फेटेवाला म्हणाला, "भाऊसाब, डोकं स्थिर ठेवा." सांगायला काय जातंय त्याचं! हलगी वाजत होती, माणसं खुर्च्या धरून बसली होती, मागं रश्श्याचा वास सुटला होता. अण्णासोंनी शाल घातली, नारळ दिला, अर्धा तास भाषण केलं. त्यात फिलोमिना वादळ मी थोपवलं असा सगळ्यांचा समज होईल असं बरंच काही होतं. मग माइक माझ्या हातात आला.

मी भाषण लिहून आणलं होतं. ते खिशातच राहिलं.

"मंडळी," मी म्हणालो, "माझी कुठं निवड झालेली नाही. लेख नापास झालाय. मी परीक्षकांच्या घरी गेलो हे खरं आहे. जायला नको होतं, हे मला कळत होतं, तरी गेलो. चूक माझी. पण त्रेचाळीस खाती माझी नाहीत. माझं एकच आहे. मी लबाडी केलेली नाही. त्यांना हे पटत नाही. तुम्हाला पटलं तर बघा."

अण्णासो खाली मान घालून बसले होते. ते उठले आणि माइकपाशी येऊन एवढंच बोलले, "चटनी मी ठेवली हुती. भाऊसाबास्नी म्हाईत न्हवतं. आन खाती बी मीच काढाय लावली."

तेवढ्यात मांडवाच्या मागच्या बाजूनं कुणीतरी हात वर केला. बुद्धभूषण सर. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल. दीप्तीताई शेजारी उभ्या होत्या.

"मी ही पिशवी परत द्यायला आलो होतो," सर पुढं येत म्हणाले. "टपालानं पाठवायला गेलो तर पोस्टातले सगळे शिंकायला लागले. आणि काका, कालचा तुमचा अर्ज मी वाचला. म्हणून अर्ध्या तासापासून मागं बसून मोजतोय." त्यांनी मंडळींकडं बघितलं. "ज्यांनी ज्यांनी परवा मोबाइलवरून मत दिलं, त्यांनी जरा उभं राहता का?"

खुर्च्या सरकल्या. सर एकेकाजवळ गेले, मोबाइल बघितला, नाव विचारलं, पुढं गेले. मी माइक धरून तसाच उभा होतो. बसावं की राहावं ते सुचेना. अर्धी दाढी राहिलेले दोघं आज पूर्ण दाढी करून आले होते, एवढंच मला दिसत होतं.

सरांनी मग तिथंच उभ्यानं काहीतरी लिहिलं आणि पाठवलं. ज्ञानकोशाच्या प्रचालकांचं, म्हणजे तिथल्या वरिष्ठांचं, उत्तर यायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत माई पुढं येऊन माझ्याशेजारी उभी राहिली आणि तिनं माझ्या हातातला नारळ काढून घेतला.

सरांनी मोठ्यानं वाचलं. आधी त्यांचं स्वतःचं निवेदन. "'प्रत्यक्ष पाहणी केली. बेचाळीस माणसे वेगवेगळी आहेत. नामांकनकर्ते एकच आहेत. चटणीची त्यांना कल्पना नव्हती.'" आणि खाली वरिष्ठांचं. "'खात्री पटली. प्रतिबंध उठवण्यात येत आहे. नामांकनकर्त्यांवर कोणताही ठपका नाही. लेख मात्र उत्तम दर्जास पात्र नाही.'"

"म्हंजे पास का नापास?" अण्णासोंनी विचारलं.

"लेख नापास," सर म्हणाले. "काका पास."

मग जी हलगी सुरू झाली ती काही केल्या थांबेना. कुणी माझ्या पाया पडत होतं, कुणी सरांना बळंच फेटा बांधत होतं. अण्णासो माझे दोन्ही हात धरून "चुकलं वो भाऊसाब, चुकलं" म्हणत होते आणि मला त्यांच्यावर रागावता येत नव्हतं. 'कोणताही ठपका नाही.' हे तीन शब्द मी मनातल्या मनात पुन्हापुन्हा वाचत होतो. चार दिवस छातीवर बसलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. "दोन शब्द बोला, भाऊसाहेब, बोला!" असा गलका झाला. मला मंडळींचे आभार मानायचे होते, सरांविषयी चार चांगले शब्द काढायचे होते, सगळं सुचलं होतं. मी शेजारी वळून पाहिलं आणि हळूच, फक्त तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालो,

"माई, फार भूक लागलीय गं."

माइक चालू होता.